पाहुणचाराचा विनोद

एकट्याने रंगमंचावर उभे राहून, कोणत्याही पात्राचे सोंग न घेता, स्वतःच्याच नावाने प्रेक्षकांशी बोलत त्यांना हसवण्याच्या प्रकाराला स्टँड-अप कॉमेडी म्हणतात, आणि बोलणारा माणूस कोणाचाही मिंधा नसावा ही या प्रकाराची मूळ अट आहे. दूरचित्रवाणीवरील गप्पांच्या कार्यक्रमाच्या यजमानाला लागू होणारी अट नेमकी उलटी असते. त्याला पाहुण्याचे मन राखावे लागते, त्याच्या नव्या चित्रपटाची आठवण करून द्यावी लागते आणि तो पुढच्या चित्रपटाच्या वेळीही आनंदाने परत येईल याची तजवीज करावी लागते. कपिल शर्मा यांची कारकीर्द या दोन अटींच्या ओढाताणीत घडलेली आहे. हिंदी दूरचित्रवाणीवर 2013 पासून त्यांनी मिळवलेल्या लोकप्रियतेचे मोजमाप अनेकदा झाले. परंतु त्या लोकप्रियतेसाठी त्यांच्यातील विनोदकाराने कोणता सौदा केला, याचा हिशेब फारसा मांडला गेलेला नाही.

मराठी वाचकाला एकट्या माणसाने सभागृह हसवत ठेवण्याचे नवल नाही. पु. ल. देशपांडे यांचे ‘बटाट्याची चाळ’ किंवा लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हे एकपात्री प्रयोग त्याने पाहिलेले किंवा ऐकलेले असतात. परंतु एकपात्रीत बांधलेली संहिता असते आणि एकच नट अनेक पात्रे उभी करतो, तर स्टँड-अपमध्ये पात्रे नसतात, प्रसंग तुकड्यातुकड्यांनी येतात आणि समोर बसलेल्या माणसांना प्रश्न विचारून, त्यांच्या उत्तरातूनच पुढचा विनोद काढण्याची मुभा असते. या शेवटच्या कौशल्याला धंद्यातील मंडळी क्राउड वर्क म्हणतात. शर्मांचे खरे बळ याच हजरजबाबीपणात आहे, आणि ते त्यांनी पाश्चात्त्य क्लबांकडून घेतलेले नसून पंजाबातून आणलेले आहे.

2 एप्रिल 1981 रोजी अमृतसरमध्ये जन्मलेल्या शर्मांचे वडील पंजाब पोलीस दलात हेड कॉन्स्टेबल होते. कर्करोगाने 2004 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मुलाचे पाय महाविद्यालयीन नाटकांत आणि गाण्यात रुतलेले होते. गायक होण्याची त्यांची इच्छा पुढे त्यांच्या कार्यक्रमांतूनही वारंवार डोके वर काढत राहिली. पंजाबात लग्नसमारंभांत आणि जत्रांत हसवणूक करणाऱ्या नक्कालांची, म्हणजेच भांडांची, जुनी परंपरा आहे. त्यांच्या जोडीतला एक जण शहाणपणाचा प्रश्न विचारतो, दुसरा मूर्खपणाचे उत्तर देतो आणि पहिला त्याला चामड्याच्या पट्ट्याने सणसणीत आवाज करत चापट मारतो. तमाशातील बतावणी ज्याने ऐकली आहे त्याला ही रचना ओळखीची वाटेल, कारण तेथेही सोंगाड्याचे काम प्रश्नाचा सरळ रस्ता वाकडा करून दाखवण्याचेच असते. शर्मांच्या बोलण्याची लय अशीच आहे: समोरच्याचे वाक्य संपायच्या आत पकडायचे, त्याचा अर्थ वळवायचा आणि हशा ओसरण्यापूर्वी दुसऱ्यांदा वळवायचा.

अमृतसरनेच त्यांच्या आधी जसपाल भट्टी यांना जन्म दिला होता. शिक्षणाने विद्युत अभियंता असलेल्या भट्टींनी 1989 मध्ये दूरदर्शनवर ‘फ्लॉप शो’ ही अगदी मोजक्या भागांची मालिका केली आणि सरकारी कार्यालयांतील लाचखोरी, कंत्राटदारांची हातचलाखी, संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शकाकडून होणारी पिळवणूक असे विषय कमालीच्या थंड चेहऱ्याने मांडले. एकाच शहरातून आलेल्या या दोघांत विनोदाची दिशा मात्र वेगळी राहिली. भट्टींचा विनोद खुर्चीकडे तोंड करून उभा असे, शर्मांचा विनोद घराच्या आत वळला. हा फरक केवळ स्वभावाचा नाही; त्यामागे सरकारी वाहिनीकडून खासगी वाहिन्यांकडे झालेल्या स्थित्यंतराचाही हात आहे. गंमत अशी की सरकारची टोपी उडवण्याची जी मोकळीक भट्टींनी सरकारच्याच वाहिनीवर मिळवली, ती खासगी वाहिन्यांच्या बाजारात हळूहळू आक्रसत गेली.

हिंदीतील स्टँड-अपला खासगी वाहिन्यांच्या आधी स्वतंत्र घर नव्हते. संगीताच्या ऑर्केस्ट्रांत दोन गाण्यांच्या मधली जागा भरून काढणारे नकलाकार असत, आणि मुंबईच्या कष्टकरी वस्तीत वाढलेले, हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात काम केलेले जॉनी लिव्हर त्याच वाटेने पुढे आले. खासगी वाहिन्या आल्यावर 1997 मध्ये शेखर सुमन यांनी सोनीवर ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ सुरू केला; कार्यक्रमाच्या आरंभी ताज्या घडामोडींवर यजमानाने एकट्याने केलेले विनोदी भाषण, म्हणजे अमेरिकी रात्रकालीन कार्यक्रमांतील मोनोलॉग, त्यात राजकारण्यांच्या नकलांसह आले. मात्र लहान गावांतून येणाऱ्या विनोदकारांसाठी दार उघडले ते 2005 मध्ये स्टार वन वाहिनीने आणलेल्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ने. विदर्भातून आलेले सुनील पाल त्याच्या पहिल्या पर्वाचे विजेते ठरले, कानपूरचे राजू श्रीवास्तव त्यातून घराघरांत पोचले, आणि पुढे पंजाबचे मुख्यमंत्री झालेले भगवंत मान हेही त्या स्पर्धेतून गेले. परीक्षकाच्या खुर्चीवरील नवज्योतसिंग सिद्धू यांचे गडगडाटी हास्य ही या कार्यक्रमाने रूढ केलेली आणखी एक गोष्ट, कारण तेव्हापासून हिंदी विनोदी कार्यक्रमांत हसण्यासाठी नेमलेला एक ठळक माणूस जवळजवळ सक्तीचा झाला.

शर्मा या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात, 2007 मध्ये उतरले. अमृतसरच्या निवडचाचणीत ते नाकारले गेले, दिल्लीत निवडले गेले आणि अखेरीस विजेते झाले. बक्षिसाचे दहा लाख रुपये बहिणीच्या लग्नासाठी उपयोगी पडल्याचे त्यांनी नंतर सांगितले आहे. उपविजेते चंदन प्रभाकर हे त्यांचे अमृतसरचेच मित्र होते आणि पुढे त्यांच्याच कार्यक्रमात ते नोकराच्या भूमिकेत दिसू लागले. त्यानंतरची काही वर्षे सोनीवरील ‘कॉमेडी सर्कस’मध्ये गेली. जोड्यांनी प्रहसने सादर करण्याच्या या स्पर्धेतून स्वप्नील जोशी, सिद्धार्थ जाधव यांसारखे मराठी नटही हिंदी प्रेक्षकांसमोर आले. शर्मांनी तिची अनेक पर्वे जिंकली, परंतु त्या काळातली त्यांची खरी कमाई विजेतेपदांची नव्हती, तर आठवड्याला नवे प्रहसन उभे करण्याच्या सवयीची आणि सहकलाकारांच्या ओळखीची होती.

22 जून 2013 रोजी कलर्स वाहिनीवर ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’ सुरू झाला तेव्हा शर्मा त्याचे यजमान होते आणि त्यांची के नाइन ही संस्था निर्मात्यांपैकी एक होती. पहिल्या भागाचे पाहुणे धर्मेंद्र होते. कार्यक्रमाची मांडणी बारकाईने पाहण्यासारखी आहे. रंगमंचावर एका मध्यमवर्गीय पंजाबी कुटुंबाचे घर उभे केलेले असे आणि त्यात बिट्टू शर्मा नावाचा गृहस्थ, त्याची बायको मंजू, लग्न न झालेली आत्या, मद्याची शौकीन आजी, नोकर राजू आणि शेजारपाजारचे विक्षिप्त लोक वावरत. आरंभी शर्मा एकटे येऊन प्रेक्षकांशी बोलत, मग घरातले प्रहसन होई, आणि त्यानंतर चित्रपटातील पाहुणे जणू त्याच घरी चहाला आल्यासारखे येत. ब्रिटनमध्ये बीबीसीने 2001 पासून दाखवलेल्या ‘द कुमार्स ॲट नंबर 42’मध्ये भारतीय वंशाचे कुटुंब घरातच मुलाखतीचा स्टुडिओ थाटून बसते, त्या कल्पनेशी याचे साम्य उघड आहे. परंतु ‘कुमार्स’मध्ये हसू येत असे ते स्थलांतरितांचा संकोच आणि इंग्रज पाहुण्यांचे अवघडलेपण यांतून, तर इथे पाहुणा आणि यजमान यांच्यातले वर्गीय अंतर हाच हशाचा दारूगोळा होता. कोट्यधीश नट निम्न मध्यमवर्गीय दिवाणखान्यात बसतो आणि त्या घरातली आजी त्याचे मुके घेऊ पाहते, एवढ्यावर पाच मिनिटे निघत.

या मांडणीने स्टँड-अपमधील एक मोठी अडचण सोडवली. एका माणसाचे बोलणे कितीही चतुर असले तरी दर आठवड्याला दोन-दोन तास तेच पुरवणे अशक्य असते. अमेरिकी यजमानांकडे त्यासाठी लेखकांचे मोठे पथक, वाद्यवृंद आणि बातम्यांचा रोजचा पुरवठा असतो. शर्मांनी त्याऐवजी पात्रांचा मेळा जमवला आणि स्वतः सूत्रधाराची जागा घेतली. सुनील ग्रोव्हर यांची गुत्थी, अली असगर यांची दादी आणि कीकू शारदा यांची पलक या तिन्ही बायका पुरुषांनी उभ्या केल्या होत्या. तमाशाच्या गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची मावशी पुरुषच साकारतो आणि कृष्णाला जाब विचारण्याचे धाडस तिलाच असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या युक्तीत विपरीत काही वाटणार नाही. मावशीला जे बोलता येते ते गवळणीला बोलता येत नाही. तसेच गुत्थीला नायकाच्या अंगचटीला जाता येई, कारण तिच्या आडून पुरुषच बोलतो आहे हे सर्वांना माहीत असे. फरक एवढाच की मावशी फिरकी घेते ती देवाची, आणि गुत्थी मात्र मान्यवर पाहुण्याची फिरकी घेतल्यासारखे करून अखेर त्याची आरतीच ओवाळत असे.

आरतीचे कारण आर्थिक होते. हिंदी चित्रपटाच्या कमाईचा मोठा वाटा प्रदर्शनाच्या पहिल्या तीन दिवसांत येऊ लागल्यापासून प्रदर्शनाआधीची जाहिरात मोहीम, ज्याला सगळे प्रमोशन म्हणतात, ती निर्मात्यांसाठी जीवनमरणाची बाब झाली. लक्षावधी घरांत एकाच वेळी पोचणारा शनिवार-रविवारचा विनोदी कार्यक्रम हे त्यासाठी आयते व्यासपीठ ठरले. वाहिनीला तारे मिळत, ताऱ्यांमुळे टीआरपी वाढे, म्हणजे नमुन्यादाखल निवडलेल्या घरांतील यंत्रांवरून काढलेला प्रेक्षकसंख्येचा अंदाज वर जाई, त्यावर जाहिरातींचे दर ठरत आणि चित्रपटाला प्रसिद्धी मिळे. या साखळीत कोणाचेच नुकसान नव्हते, म्हणूनच ती इतकी वर्षे टिकली. तिच्यामुळे यजमानाला मात्र एक बंधन आपोआप आले: पाहुणा दुखावला जाता कामा नये. गाजलेल्या नटाला त्याच्या पडलेल्या चित्रपटाबद्दल, न्यायालयातील खटल्याबद्दल किंवा एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर बाळगलेल्या मौनाबद्दल विचारणे या दिवाणखान्यात शिष्टाचाराला धरून नव्हते.

विनोदाला लक्ष्य तर लागतेच. वर जाण्याची वाट बंद झाली की तो खाली उतरतो, आणि शर्मांच्या कार्यक्रमांवरील सर्वांत गंभीर आक्षेप येथून निघतो. सुमोना चक्रवर्ती यांनी साकारलेल्या मंजूच्या ओठांवरून होणारी टिंगल, आत्याच्या न जुळलेल्या लग्नावरून होणारे टोमणे, नोकराची गरिबी, लठ्ठ माणसांचे शरीर आणि प्रेक्षकांत बसलेल्या एखाद्या माणसाचे टक्कल यांवर उभे राहिलेले हशे मोजले तर ते कार्यक्रमाच्या जमेची मोठी बाजू व्यापतात. घराघरांत असेच बोलले जाते हा त्यावरचा बचाव खोटा नाही, पण तो पुरेसा नाही. कारण ज्या कलाकाराला क्षणार्धात वाक्य फिरवता येते त्याने सर्वांत सोपे लक्ष्य निवडले, तर तो दोष समाजाचा नसून निवडीचा ठरतो. शर्मा स्वतःचीही टिंगल करतात, स्वतःच्या इंग्रजीवर, गावंढळपणावर, सुंदर नायिका दिसताच होणाऱ्या फजितीवर हसतात, आणि त्यांचे सर्वांत चांगले विनोद बहुधा याच गटात मोडतात.

सत्तेपासून दूर राहण्यामागे भीतीचा भाग किती, हे ठरवताना दोन घटना विचारात घ्याव्या लागतात. जानेवारी 2016 मध्ये कीकू शारदा यांना डेरा सच्चा सौदाचे प्रमुख गुरमीत राम रहीम यांची नक्कल केल्याबद्दल, धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून हरियाणा पोलिसांनी अटक केली. नक्कल दुसऱ्या एका वाहिनीवरील कार्यक्रमात झाली होती. त्याच गुरूला पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरवले. दुसरी घटना खुद्द शर्मांची. 9 सप्टेंबर 2016 रोजी त्यांनी पंतप्रधानांना उद्देशून ट्विट केले की आपण पाच वर्षांत पंधरा कोटी रुपये प्राप्तिकर भरला, तरीही कार्यालयाच्या कामासाठी मुंबई महापालिकेला पाच लाखांची लाच द्यावी लागते. मुख्यमंत्र्यांनी तपशील मागितले, पण चर्चा लवकरच लाचेवरून शर्मांच्या स्वतःच्या बांधकामाच्या कायदेशीरपणाकडे वळली आणि खारफुटीच्या नुकसानीबद्दल त्यांच्यावरच गुन्हा नोंदवला गेला. भट्टींनी ‘फ्लॉप शो’साठी लिहावे असे हे कथानक शर्मांच्या आयुष्यात प्रत्यक्ष घडले, त्यांच्या कार्यक्रमात मात्र अशा कथानकाला जागा नव्हती.

तोवर कार्यक्रमाचे घर बदलले होते. गोरेगावच्या चित्रनगरीतील ‘कॉमेडी नाइट्स’चा सेट 25 सप्टेंबर 2013 च्या आगीत जळून गेला, सुनील ग्रोव्हर मध्यंतरी स्वतःचा कार्यक्रम काढून परत आले, तरी कार्यक्रम तरला होता, कलर्सशी मतभेद झाल्यावर मात्र जानेवारी 2016 मध्ये तो बंद झाला आणि 23 एप्रिलपासून तोच मेळा ‘द कपिल शर्मा शो’ या नावाने सोनीवर अवतरला. बिट्टूचे घर जाऊन मोहल्ला आला, गुत्थीच्या जागी ग्रोव्हर यांचे डॉ. मशहूर गुलाटी आले. मार्च 2017 मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगानंतर मुंबईला परतताना विमानात शर्मा आणि ग्रोव्हर यांच्यात जे भांडण झाले त्याने मात्र मेळाच फुटला. शर्मांनी जाहीर माफी मागितली, तरी ग्रोव्हर आणि असगर परतले नाहीत. पुढच्या महिन्यांत चित्रीकरणे ऐन वेळी रद्द होऊ लागली, ताटकळलेल्या ताऱ्यांच्या बातम्या छापून आल्या, ऑगस्टअखेर कार्यक्रम थांबला. त्याच डिसेंबरात आलेला ‘फिरंगी’ हा त्यांची निर्मिती असलेला चित्रपट चालला नाही आणि 2018 च्या मार्चमध्ये नेहा पेंडसे यांच्यासह सुरू केलेला ‘फॅमिली टाइम विथ कपिल शर्मा’ हा खेळांचा कार्यक्रम जेमतेम काही भागांत आटोपला. एप्रिलमधील त्यांच्या शिवराळ ट्विटांनी उरलीसुरली सहानुभूतीही घटवली. नैराश्य आणि मद्यपान यांविषयी ते पुढे स्वतःच उघडपणे बोलले.

या पडझडीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. स्टँड-अप करणारा माणूस एका वाईट रात्रीचे नुकसान दुसऱ्या रात्री भरून काढू शकतो, पण शेकडो तंत्रज्ञ, वाहिनीचे वेळापत्रक आणि चित्रपटांच्या प्रदर्शनाच्या तारखा ज्याच्या मनःस्थितीला टांगलेल्या असतात, त्याचे आजारपणही खासगी राहत नाही. डिसेंबर 2018 मध्ये लग्नानंतर थोड्याच दिवसांत ते परतले तेव्हा निर्मितीच्या बाजूला सलमान खान होते. फेब्रुवारी 2019 मध्ये पुलवामा हल्ल्यानंतरच्या वक्तव्यावरून सिद्धूंवर टीकेची झोड उठली आणि शर्मांच्या कार्यक्रमातील त्यांची हसण्याची खुर्ची अर्चना पूरणसिंग यांच्याकडे गेली. एका माणसाच्या राजकीय वाक्याने खुर्ची रिकामी झाली, पण खुर्ची काढून टाकावी असे कोणाला वाटले नाही.

मराठी दूरचित्रवाणीनेही ‘कॉमेडी नाइट्स’च्याच सुमारास हा साचा आपलासा केला. झी मराठीवर 2014 मध्ये सुरू झालेला ‘चला हवा येऊ द्या’ आणि त्याचे तेव्हाचे सूत्रसंचालक निलेश साबळे यांचा प्रवास शर्मांच्या प्रवासाशी अनेक ठिकाणी जुळतो: स्पर्धेतून पुढे आलेला नकलाकार, पात्रांचा मेळा, पुरुषांनी साकारलेल्या बायका आणि नव्या चित्रपटाच्या किंवा नाटकाच्या जाहिरातीला आलेले पाहुणे. मराठी चित्रपटाचे जाहिरातीचे अंदाजपत्रक तुटपुंजे असल्याने या व्यासपीठाची किंमत इथे उलट अधिक होती. दोन्ही ठिकाणी यजमानाचा विनोद पाहुण्याच्या सौजन्याखाली दबला, हेही तितकेच खरे.

करोनाच्या काळात आणि त्यानंतर शर्मांनी दोन कामे अशी केली की ज्यांत पाहुणे नव्हते. नंदिता दास यांच्या ‘ज्विगाटो’त त्यांनी भुवनेश्वरमध्ये घरपोच जेवण पोचवणाऱ्या, कारखान्यातली नोकरी गमावलेल्या माणसाची भूमिका केली, मार्च 2023 मध्ये भारतात प्रदर्शित झालेला हा चित्रपट तिकीटबारीवर टिकला नाही, पण एकही कोटी न करता पडदा धरून ठेवता येतो हे त्याने दाखवले. त्याआधी 28 जानेवारी 2022 रोजी नेटफ्लिक्सवर ‘आय ॲम नॉट डन येट’ हा तासाभराचा एकट्याचा प्रयोग आला होता. त्यात वडील आहेत, अमृतसर आहे, नैराश्य आहे आणि पंतप्रधानांना केलेल्या त्या ट्विटनंतर मालदीवला निघून गेल्याची कथाही आहे. जे साप्ताहिक कार्यक्रमात कधी सांगता आले नाही ते येथे हसत हसत सांगितले गेले. प्रयोग सर्वत्र सारखा रंगत नाही आणि काही जागी तो सहानुभूती मिळवण्याकडे झुकतो, तरीही बोलणारा माणूस या तासात कोणाचा मिंधा दिसत नाही.

30 मार्च 2024 पासून नेटफ्लिक्सवर ‘द ग्रेट इंडियन कपिल शो’ सुरू झाला, सुनील ग्रोव्हर सात वर्षांनी परतले आणि पहिल्या भागाला कपूर कुटुंबीय पाहुणे म्हणून आले. स्ट्रीमिंगवर, म्हणजे प्रेक्षकाने हवे तेव्हा इंटरनेटवरून पाहण्याच्या माध्यमात, टीआरपीचा जाच उरत नाही, तेव्हा साचा मोडण्याची संधी होती. ती घेतली गेली नाही. पाहुणचाराच्या कलेत शर्मांच्या तोडीचा यजमान हिंदीत आज दुसरा नाही, हे मान्य करूनही विनोदकार म्हणून त्यांची उंची मापायची झाल्यास शेकडो भागांचा तो पसारा बाजूला ठेवून 2022 चा तो एक तासच पुढ्यात घ्यावा लागेल.